षष्ठीची भरती

माधवनगरला आमच्या गल्लीत रोज समुद्राच्या भरतीची वेळ जाहीर व्हायची. समुद्र तिथून घाट उतरून, एसटीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. गल्लीतल्या निम्म्या माणसांनी तो पाहिलेलाही नव्हता. तरी गणपाच्या पिठाच्या गिरणीबाहेर जो काळा पत्रा टांगलेला असायचा, त्यावर ‘ओली ज्वारी दळून मिळणार नाही’ या गणपाच्या सूचनेखाली खडूनं ठळक लिहिलेलं असायचं, ‘आज भरती साडेचार.’

लिहिणारे निकमअण्णा. आमच्या समोर आक्कांच्या मालकीची खोल्यांची एक ओळ होती, तिच्यातल्या अगदी शेवटच्या खोलीत ते भाड्यानं राहायचे. साठीच्या आतबाहेरचे, बुटके, रुंद, कायम पांढरीशुभ्र अर्धी विजार घातलेले. चालताना पाय फाकवून टाकायचे, रस्ता आत्ता हलेल अशा तयारीनं. नव्वद सालानंतरची ती वर्षं. गल्लीच्या टोकाची कापडगिरणी बंद पडलेली, केबल नुकतीच आलेली, आणि लोकांकडे रिकामा वेळ बराच होता. अण्णांकडे तर सगळाच.

मी तिथल्या शाळेत भूगोल शिकवत होते. भरती-ओहोटी हा माझा धडा. त्यामुळे पत्रा पहिल्यांदा वाचला तेव्हा आपल्या शेतात कुणाची तरी म्हैस शिरल्यासारखं मला वाटलं. मी सरळ जाऊन विचारलं, हा आकडा कुठून काढलात?

“सोपं हाय, बाई,” अण्णा म्हणाले. “तिथीला तिनानं गुणायचं आन् चारानं भागायचं. आज षष्ठी. सहा त्रिक अठरा. भागा चारानं.”

“साडेचार.”

“झालं तर मग.”

“पण अण्णा, माधवनगरला याचा उपयोग काय?”

शेवटच्या बाकावरच्या पोराकडे मी बघते, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. “उपेग कशाला पायजे? तिकडं येवढं पानी चढतंय, आपल्याला ठावं नगं?”

 मी घरी आले आणि कुकर लावला.

मग व्हायचा तो गोंधळ एकदा झालाच. आमच्या सातारा-सांगलीकडे भरती हा शब्द ऐकून कुणाच्या डोळ्यांपुढे लाटा येत नाहीत. येतं ते मैदान, छाती मोजायची फीत आणि उघड्या अंगानं पळणारी पोरं. भरती म्हणजे फौजेची, दुसरी कुठली नाहीच. अण्णांनी एका सप्तमीच्या दुपारी लिहिलं, ‘उद्या भरती सकाळी सहा.’ कुंडलहून बहिणीकडे आलेल्या एका तरुणानं दळण न्यायला आल्यावर ते वाचलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाऊन गावभर केलं. सकाळी अण्णा दात घासत दारात आले, तर समोर ओळीनं पंधरा-वीस जण उभे. पायात कॅनव्हासचे बूट, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत दाखले.

“साहेब, मैदान कुठंशी हाय?” त्यातल्या एकानं अदबीनं विचारलं.

अण्णांना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. झाला तेव्हा ते हसले नाहीत. “भरती हाय, पर पान्याची हाय,” ते म्हणाले. “चूक माजी हाय. आता आलाय तर टाका नांगर.”

पोरांना वाटलं, परीक्षा सुरू झाली. एकानं इकडंतिकडं बघत विचारलं, “नांगर कुठाय?”

हा नांगर म्हणजे अण्णांचा आणखी एक घोळ. दारात आलेल्या कुणालाही ते ‘बसा’ असं कधी म्हणाले नाहीत, ‘टाका नांगर’ म्हणायचे. आक्कांना पहिल्यांदा म्हणाले तेव्हा आक्कांनी विचारलं होतं, “कशाला? अंगण नांगरायचंय का?” अण्णांचं म्हणणं असं, की आमच्या घरात सगळ्यांनी नांगर धरला, मीबी धरला. त्यांचा मातीत, माझा पाण्यात.

ती पोरं नऊ वाजेपर्यंत होती. अण्णांनी त्यांना बंद गिरणीच्या भिंतीकडेनं पळवलं, आक्कांच्या शिवणाच्या फितीनं त्यांच्या छात्या मोजल्या, कुणी काय खावं ते सांगितलं आणि मोठ्या पातेल्यात सगळ्यांना चहा केला. दुसऱ्या दिवसापासून पत्र्यावर ‘समुद्राची’ हा शब्द वाढला. पण त्या सकाळचा विषय निघाला की अण्णा म्हणायचे, “लय दिवसांनी मापात च्या झाला बगा.”

चहाचं माप हे अण्णांचं खरं दुखणं होतं. ते नौदलात जहाजावर स्वयंपाकी होते. सबंध जहाजाला जेवू घातलेला माणूस, त्यामुळे एका कपाचा चहा त्यांना कधी जमलाच नाही. साखर तरी जास्त व्हायची, नाहीतर दूध करपायचं. मग ते मोठं पातेलं चढवायचे आणि दारात उभे राहून गल्लीला उद्देशून म्हणायचे, “च्या उरलाय.” रोज दुपारी, रोज उरलेलाच. न उरलेला चहा मी त्यांच्याकडे कधी प्यायले नाही.

फलटणच्या अलीकडच्या त्यांच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. अण्णाही तरुणपणी साताऱ्याला भरतीला गेले आणि ऊन फार म्हणून ज्या टेबलापुढे रांग लहान होती तिथं उभे राहिले. ते टेबल नौदलाचं निघालं. “गेलो भरतीला, आन् गेलो भरतीतच,” असं ते सांगायचे. मुलगा पाण्यात नोकरी करतो हे त्यांच्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. ती गावात सांगायची, माझा सर्जा सीमेवर असतो, तिकडं पाऊसपाणी बरं आहे.

लग्न राहून गेलं. मुलगी बघायचं ठरावं, तर जहाज निघालेलं असायचं. जहाज परत येईपर्यंत मुलगी दुसरीकडे दिलेली असायची. एकदा निरोप उशिरा मिळाल्यामुळे ते मुलगी बघायला म्हणून गेले आणि तिच्या मुलाच्या बारशाच्या घुगऱ्या खाऊन आले. घुगऱ्या चांगल्या होत्या, एवढंच त्यांनी त्यावर सांगितलं.

निवृत्त झाल्यावर ते आधी गावालाच गेले होते. तिथं भावाभावांत बांधावरून जुंपलेली. थोरल्यानं बांध वीतभर सरकवला की धाकटा तो हातभर परत सरकवायचा, आणि दोघांचं एकमत फक्त एका गोष्टीवर होतं, की अण्णांच्या वाटणीच्या खोलीत खताची पोती ठेवायची. “पोती काय उटवायची,” अण्णा म्हणाले. “माज्यापरीस जास्त दिस ती त्या घरात ऱ्हायली व्हती.” काही दिवस ओसरीवर झोपून ते निघाले. माधवनगरच्या गिरणीत त्यांचा जहाजावरचा एक सोबती नोकरीला होता, त्याच्या ओढीनं इथं आले. गिरणी बंद पडल्यावर सोबती गेला. अण्णा राहिले.

“जमिनीचं हेच वाईट, बाई,” ते म्हणायचे. “समुद्रात बांध नसतोय.”

हे त्यांचं आवडतं वाक्य. नळावर भांडण झालं, समुद्रात बांध नसतोय. केबलवाल्यानं तार कुणाच्या तरी खिडकीवरून नेली, समुद्रात बांध नसतोय. गणपा एकदा वैतागून म्हणाला, “आवं अण्णा, पर आमी समुद्रात न्हाई, माधवनगरात हाय.” अण्णांनी ते मनावर घेतलं नाही. स्वतः मात्र ते दुसऱ्याच्या जागेला फार जपायचे. गल्लीत आमच्यासारखी मासे न खाणारी घरं दोन-तीन होती. अण्णांना सुकट भाजायची झाली की ते आधी बोट ओलं करून वर धरायचे आणि वारा बंद गिरणीकडे जात असेल तरच तवा चढवायचे. वारा फिरला तर आमटी-भातावर भागवायचे. हे मला बऱ्याच उशिरा कळलं आणि मग सुकटीचा वास आला तरी मी खिडकी लावायची सोडली.

समुद्रातल्या शेतीचं खूळ भेळेतून आलं. सांगलीला गेल्यावर अण्णांनी भेळ खाल्ली, आणि तेलकट कागदावर सरकारी अनुदानाची अर्धी जाहिरात मिळाली. उरलेली अर्धी मिळवायला ते परत गाड्यावर गेले, तेवढ्यात ती दुसऱ्या कुणाच्या तरी भेळेला गेलेली. पण जेवढं वाचलं तेवढं त्यांना पुरेसं होतं. समुद्रात तराफे सोडायचे, त्यांना दोर लोंबते बांधायचे आणि दोरांवर शिणाणे वाढवायचे. शिणाणे म्हणजे हिरवट काळ्या शिंपल्यात राहणारा जीव. त्याला खायला घालावं लागत नाही, तो पाण्यातनंच आपलं पोट भरतो. आणि अनुदानात पहिला मान कुणाचा, तर जिथं मासेमार जाळी टाकतात आणि होड्या ये-जा करतात, त्याच पाण्यात कुणालाही न अडवता अशी शेती करून दाखवणाऱ्यांचा. एकाच जागेत सगळ्यांचं भागवायचं. सरकार आपल्याच मनातलं बोलतंय हे वाचून अण्णा इतके हरखले, की सांगलीहून माधवनगरला चालत आले.

आम्हाला समजावं म्हणून त्यांनी आक्कांच्या हौदात देखावा मांडला. चार काठ्यांचा तराफा, त्याला सुतळ्या, आणि सुतळ्यांना शिणाण्यांच्या जागी सुपाऱ्या. सुपाऱ्या कुणाच्या डब्यातून आल्या हे आक्कांना नंतर कळलं.

“हौद येक,” अण्णा गल्लीला सांगत होते. “वरनं आक्कांची बादली जातीया, ती समजा होडी. मधी माजं शिणाणे. खाली तळाला मासेवाल्याची जाळी. तिघांचं भागतंय. भांडलं का कुनी?”

“भांडतीया की मी,” आक्का म्हणाल्या. “त्ये भायेर काढा आदी.”

आक्का म्हणजे विधवा बाई, एकटीच्या हिमतीवर भाडेकरू सांभाळणाऱ्या. आवाज असा, की गणपाची गिरणी चालू असतानाही ऐकू यावा. पण त्यांनी तो तराफा दोन दिवस राहू दिला, हेही सांगितलं पाहिजे.

मग कचेऱ्या सुरू झाल्या. सांगलीत एका ठिकाणी कारकुनानं कागद बघून सांगितलं, “सांगलीला समुद्र नाही.”

“म्हनून तर अनुदान मागतुया,” अण्णा म्हणाले. “असता तर इचारलं नसतं.”

कारकुनानं थोडा विचार केला आणि त्यांना रत्नागिरीचा पत्ता दिला. अण्णा एसटीनं गेले, उरलेली माहिती आणली, एका खाडीच्या तोंडाशी जागाही हेरून आले. अर्ज लिहायला मी बसले, कारण माझं अक्षर चांगलं आहे असा गल्लीत समज होता. अर्जात एके ठिकाणी ‘जागेची चतुःसीमा’ मागितली होती. जमिनीच्या कागदात लिहितात तसं, चारी बाजूंना कुणाचं काय आहे ते. पूर्वेस किनारा, हे सोपं होतं. दक्षिणेस होड्यांची वाट. उत्तरेस जाळीवाल्यांची जागा.

“पश्चिमेस?” मी विचारलं.

अण्णांनी कागद आपल्याकडे फिरवून घेतला. मग म्हणाले, “पश्चिमेला कुनी न्हाई, बाई.”

“असं लिहिता येत नाही. अरबी समुद्र लिहू?”

“आपुन समुद्रातच हाय की. समुद्राच्या शेजारी समुद्र कसा लिवायचा? चतुःसीमेत मानसाचं नाव लागतंय. तिकडं पार आफ्रिकेपतुर कुनी न्हाई. ऱ्हाऊ द्या मोकळं.”

मी मोकळं ठेवलं. त्यांच्या खोलीचंही तसंच होतं. ओळीतली शेवटची, पश्चिमेला गिरणीची भिंत आणि मध्ये दोन पावलांची बोळकांडी. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

खरी अडचण पुढं निघाली. अनुदान एकट्याला मिळत नव्हतं. अकरा जणांचा गट पाहिजे, आणि गटाची दर महिन्याला सभा भरली पाहिजे. अण्णा दारातल्या पायरीवर बसून बोटांवर माणसं मोजत होते. मी खिडकीतून बघत होते. एक हात पुरा झाला नाही तोच ते थांबले आणि बोटांकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी पत्र्यावर लिहिलेलं होतं, ‘समुद्राची भरती दुपारी तीन. सभासदांची भरती दिवसभर.’

आम्ही भरती झालो. गणपा पहिला, कारण पत्रा त्याचा होता. आक्का, तराफा परत हौदात सोडायचा नाही या अटीवर. आमचे हे, चहा मिळतो म्हणून. मी चिटणीस. बाकीचे गल्लीतलेच. समुद्रातल्या शेतीवर आमच्यापैकी एकाचाही विश्वास नव्हता. पण कुणी नाही म्हणालं नाही.

सभा भरतीला भरायची, असं अण्णांनी ठरवलं. शुद्ध षष्ठी, साडेचार. माझी शाळा सकाळची, गणपाची गिरणी त्या वेळी विजेअभावी बंद, सगळ्यांना सोयीचं. अण्णांनी गिरणीच्या भंगारातून एक बाकडं आणलं आणि अकरा कप विकत घेतले. पहिल्या सभेला त्यांनी मोठं पातेलं चढवलं, सगळ्यांना पुरून चहा बरोब्बर संपला, आणि रिकाम्या पातेल्यात वाकून बघत ते म्हणाले, “ओहोटी लागली.” त्यांच्या तोंडावर जो आनंद होता, तो मी नंतर कुणाच्या लग्नातही पाहिला नाही.

सभेत समुद्राचं बोलून बोलून किती बोलणार? दुसऱ्या-तिसऱ्या सभेपासून गल्लीच विषयपत्रिकेवर आली. आक्कांच्या धुण्याच्या दोऱ्या, गणपाच्या गिऱ्हाइकांच्या सायकली आणि पोरांचं क्रिकेट, तिघांना तीच गल्ली पाहिजे असायची आणि रोज कुणीतरी कुणाला तरी बोलायचं. अण्णांनी समुद्राच्या हिशोबानं तोडगा काढला. सकाळी होड्या, म्हणजे सायकली. दुपारी जाळी, म्हणजे धुणं. संध्याकाळी शिणाणे, म्हणजे पोरं. आश्चर्य म्हणजे लोक ते पाळायला लागले. आक्का पोरांना ओरडायच्या, “ए शिणाण्यांनो, अजून धुणं वाळलं न्हाई.” इतिवृत्तात मी लिहायचे, ‘सामायिक जागेच्या वापरावर चर्चा झाली.’ त्यात खोटं काहीच नव्हतं.

पुढच्या साली अण्णा अर्जाचं काय झालं ते बघायला पुन्हा रत्नागिरीला जाऊन आले. आल्यावर म्हणाले, काम पुढं सरकलंय, पण आता महिन्याला दोन सभा घ्याव्या लागतील. वद्य षष्ठीलाही.

“हा काय नवा नियम?” मी जरा वैतागूनच विचारलं. इतिवृत्त मला लिहायचं होतं.

“वद्य षष्ठीलाबी भरती साडेचारलाच येतीया की,” अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले. “समुद्र काय येकदाच चढून थांबतुया का?”

वर्षभर आम्ही महिन्यातून दोनदा जमत राहिलो.

एका शुद्ध षष्ठीला अण्णा दूध आणायला गेलेले असताना एक तरुण गृहस्थ पत्ता विचारत आले. रत्नागिरीच्या कचेरीतले अधिकारी. सांगलीला मावसभावाच्या साखरपुड्याला आले होते, जाता जाता अण्णांना भेटावं म्हणून वाट वाकडी केलेली. आम्ही सगळे बाकड्यावर, पायरीवर जमलेलो. त्यांना कौतुक वाटलं.

“कसली सभा?” त्यांनी विचारलं.

“आपल्याच योजनेची,” मी म्हणाले. “शिणाण्यांची.”

त्यांचा चेहरा उतरला. “पण ती योजना तर गेल्या वर्षीच बंद झाली. मी स्वतः अण्णांना समोर बसवून सांगितलं होतं. मला वाईट वाटत होतं, इतक्या लांबून आलेले.  त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की योजना नसली तरी सभा घ्यायला हरकत नाही ना? मी म्हटलं, सभा काय, कुणीही घेऊ शकतं.”

 तेवढ्यात अण्णा दुधाची बरणी घेऊन बोळातून वळले. साहेबांना बघून थबकले. मग आमच्या तोंडांकडे बघितलं, आणि त्यांना कळलं. बरणी त्यांनी पायरीवर ठेवली.

“साहेबांनी सांगितलं असंल,” ते म्हणाले. “तुमचा समद्यांचा लय येळ घेतला म्या. माफी असावी.”

आम्ही काही बोलायच्या आत ते आत गेले आणि कडी लावली. दूध आक्कांनी उचलून घरी नेलं आणि तापवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पत्र्यावर ओल्या ज्वारीचीच सूचना तेवढी होती. तिसऱ्या दिवशीही. गल्लीला त्याचा असा त्रास होईल असं मला वाटलं नव्हतं. आमचे हे बाजाराला जाताना रिकाम्या पत्र्यासमोर थांबायचे आणि मग उगीचच घड्याळ बघायचे. अण्णा दुपारी चहाला हाक मारत नव्हते. भेटले तर मान खाली घालून बाजूनं जायचे, आणि मी हाक मारली तरी “कामात हाय, बाई” म्हणायचे. काम कसलं, ते आक्कांनी सांगितलं. ते ट्रंक भरत होते.

“अमावास्येला खोली सोडतो म्हनत्यात,” आक्का म्हणाल्या. “गावाला जानार. म्हटलं, तितं खोली कुटाय तुमची? तर म्हनत्यात, सांगतो भावांना पोती काढायला.”

आक्कांचा आवाज त्या दिवशी लहान होता. मला खरंच भीती वाटली. माणूस ज्या ओसरीवरून उठून आला त्याच ओसरीवर झोपायला परत निघालेला, आणि ते का, तर आपल्याला चहाला बोलवायचं म्हणून एक थाप मारली त्याची लाज वाटून. मी जाऊन काय बोलणार होते? राहा म्हणावं, तर कशासाठी राहा? रोज मनात वाक्य जुळवायचे आणि रोज ते अर्ध्यात सोडून द्यायचे.

तशातच वद्य षष्ठी आली. मला आठवण नव्हती. शाळेतून येताना पत्र्याकडे नजर गेली आणि मी थांबले. वेड्यावाकड्या अक्षरात, वेलांट्या चुकवून लिहिलेलं होतं, ‘समूद्राची भरति साडे चार.’ गणपा दारात पीठ झटकत उभा होता.

“आक्कांच्या भिंतीवरनं तिथी बघितली,” तो म्हणाला. “सहा त्रिक अठरा. बरुबर हाय का, बाई?”

“बरोबर आहे,” मी म्हणाले.

साडेचारला मी इतिवृत्ताची वही घेऊन गेले, तर बाकडं भरलेलं होतं. निरोप कुणी कुणाला दिला नव्हता. आमचे हे दुकानातून लवकर आलेले. गणपा पायरीवर. आक्का घमेलं पालथं घालून बोळकांडीच्या तोंडाशी बसलेल्या. उतरतं ऊन सरळ त्यांच्या तोंडावर येत होतं, म्हणून पदर कपाळावर ओढलेला. अण्णांचं दार बंद. सगळे एकमेकांकडे बघत होते, हाक कुणी मारायची ते ठरत नव्हतं. शेवटी गणपानं दारावर थाप मारली.

“अण्णा, दार उघडा. आमी नांगर टाकलाय.”

आत ट्रंकेचं झाकण वाजलं. बऱ्याच वेळानं कडी निघाली. अण्णा दारात आले, तेच पांढऱ्या विजारीतले, पण पाय जवळ घेऊन उभे होते, आणि त्यामुळे कुणी दुसराच माणूस वाटत होते.

“कशाची सभा, गड्या?” ते गणपाला म्हणाले. “योजना न्हाई, अनुदान न्हाई, समुद्र तर न्हाईच.”

 गणपा माझ्याकडे बघायला लागला. मी वही उघडली. मी चिटणीस होते, आणि चिटणिसाला मागचं राहिलेलं काम काढता येतं.

“चतुःसीमेची,” मी म्हणाले. “एक बाजू लिहायची राहिली होती. आज पुरी करायची आहे. या खोलीच्या पूर्वेस कोण?”

“माजी गिरण,” गणपा म्हणाला. “पिठाची.”

“समोर आम्ही. शेजारी खोल्यांतले बाकीचे सभासद. पश्चिमेस?”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना आठवलं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसलं.

“पश्चिमेला मी बसलेय की हितं,” आक्का पदराखालून खेकसल्या. “तासभर ऊन खातेय, दिसत न्हाई का कुनाला? लिव गं. पश्चिमेस आक्का.”

मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं नाही.

अण्णा तसेच उभे राहिले. मग आत वळले. ट्रंकेतून काहीतरी काढल्याचा आवाज झाला, कप एकमेकांवर वाजले. नंतर मात्र बराच वेळ स्टोव्हचा आवाज येईना, आणि आम्ही कुणी आत डोकावलो नाही. आक्का तेवढ्या उठून घरी गेल्या आणि दूध घेऊन आल्या.

“कितीचा टाकू?” आतून अण्णांनी विचारलं. 

“उरंल येवढा टाका,” आक्का म्हणाल्या, आणि परत पश्चिमेला जाऊन बसल्या.